दारावरची नवी घंटा, जुन्या तारांवर



आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती वस्तू आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून आली नसेल. पण ज्यांची मुलेबाळे मुंबई-पुण्यास किंवा परदेशात आहेत, त्यांच्या घरी ती आज ना उद्या एखाद्या खोक्यात बसून येणारच. कॅमेऱ्याची घंटा म्हणतात तिला. दाराबाहेर भिंतीवर बसवायची. आलेल्या माणसाने तिचे बटण दाबले की घरातल्या माणसाच्या मोबाइलवर त्याचे चित्र दिसते, त्याचा आवाज ऐकू येतो आणि उत्तरही देता येते. घरातला माणूस घरातच असला पाहिजे असेही नाही. तो सातासमुद्रापलीकडे असला तरी चालते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी असेच एक खोके आले. आक्का कऱ्हाडजवळच्या गावात एकटी राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन नावाच्या गावी असतो. तेथे आपली मराठी मंडळी बरीच आहेत. त्याने स्वतःच्या दाराला अशी घंटा स्वतःच्या हाताने बसवली, ती नीट चालली, म्हणून तसलीच दुसरी आईकडे पाठवून दिली. सोबत मला फोन. "मामा, दहा मिनिटांचं काम आहे. जुनं बटण काढा, मागं दोन तारा असतील, त्या नव्याच्या दोन स्क्रूंना लावा. झालं."

तीस वर्षे मी आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला शिकवले. त्यामुळे कोणी 'दहा मिनिटांचं काम' म्हटले की माझा हात आपोआप खिशातल्या चष्म्याकडे जातो. पुस्तिका उघडली. अक्षर मुंगीएवढे. पण पहिल्याच पानावर यंत्राला किती दाब चालतो ते लिहिले होते : १६ ते २४ व्होल्ट, एसी. मग मी आक्काच्या ओट्यावरचे जुने बटण उघडले आणि मागल्या दोन तारांवर मीटर धरले. काटा २३० च्या आसपास जाऊन थांबला.

श्रोतेहो, आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट ही एवढीच आहे, आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला मधूनच गुरांना पाणी दाखवायला उठावे लागले तरी हरकत नाही. अमेरिकेतल्या दारावरच्या बटणामागे बहुधा १६ व्होल्ट असतात. आपल्या दारावरच्या बटणामागे २३० व्होल्ट असतात. तार तशीच दिसते, बटण तसेच दिसते, पण एका तारेला बोट लागले तर काही कळतही नाही आणि दुसरीला लागले तर माणूस जातो. भाच्याच्या सांगण्याप्रमाणे मी त्या तारा त्या स्क्रूंना जोडल्या असत्या, तर यंत्र जळाले असते ते जळालेच असते. पण त्याहून वाईट म्हणजे, २४ व्होल्टांसाठी केलेले, झाकण नसलेले ते दोन उघडे स्क्रू पावसाळ्यात ओल्या झालेल्या भिंतीवर २३० व्होल्ट घेऊन बसले असते. आणि बटण दाबायला येणारे कोण? दूधवाल्याचा पोरगा, ओल्या हातांचा.

आता तेथे असे का आणि येथे तसे का, हे थोडे पाहू. शिक्षक बंधुभगिनींना यात वर्गात सांगण्याजोगे काही सापडेल.

विजेची घंटा ही मुळात एका शिक्षकाचीच करामत. अमेरिकेत ऑल्बनी गावच्या शाळेत जोसेफ हेन्री नावाचे मास्तर गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. १८३१ साली त्यांनी शाळेच्या खोलीतच भिंतीभोवती एक मैलाहून लांब तार फिरवली, एका टोकाला बॅटरी लावली आणि दुसऱ्या टोकाला लोखंडावर तार गुंडाळून केलेला विद्युतचुंबक ठेवला. बॅटरी जोडली की चुंबक जागा होई आणि शेजारची चुंबकाची कांडी फिरून घंटेवर आपटे. विद्युतचुंबकावर वाजणाऱ्या दाराच्या घंटेचे मूळ तत्त्व आजही हेच. आपल्याकडे कित्येक शाळांत रुळाचा तुकडा टांगून त्यावर टोल देतात, तोही काही वाईट नाही, लोडशेडिंगमध्ये वाजतो.

त्याच १८३१ साली इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी दुसरी गोष्ट दाखवली. एका लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या गुंडाळ्या घातल्या आणि पहिलीतला प्रवाह बदलला, तर दुसरीत आपोआप वीज उमटते. मध्ये तारेने तार जोडलेली नसतानाही. यातूनच पुढे ट्रान्सफॉर्मर निघाला. आपण गावात ज्याला डीपी म्हणतो तो हाच, सरकारी भाषेत रोहित्र. गावाबाहेरची डीपी ११,००० व्होल्टांची वीज घेते आणि घरासाठी २३० करून देते. अमेरिकेतल्या घरात मुठीएवढी एक डीपी असते. ती तेथील १२० व्होल्ट घेते आणि घंटेसाठी १६ करते. दाराबाहेर जाते ते हे १६ व्होल्टांचे पाणी. म्हणून तेथला घरमालक निर्धास्तपणे स्क्रूड्रायव्हर घेऊन बटण बदलतो.

येथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझा भाचा राहतो त्या गावाला एडिसनसाहेबांचे नाव १९५४ साली दिले गेले. त्यांची मेन्लो पार्कची प्रसिद्ध प्रयोगशाळा त्याच हद्दीत होती. एडिसनसाहेब एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे डीसी विजेचे कैवारी. त्यांनी १८८२ साली न्यूयॉर्कात वीज दिली ती डीसीच, आणि दिशा बदलणाऱ्या एसी विजेला त्यांनी कडाडून विरोध केला. ट्रान्सफॉर्मर चालतो तो फक्त एसीवर. तेव्हा त्यांच्याच नावाच्या गावात आज घरोघरची घंटा त्यांनी नापसंत केलेल्या विजेवर वाजते आहे.

असो. आपल्याकडे घंटेसाठी अशी वेगळी डीपी बसवण्याची रीत फारशी पडली नाही. दिव्याला जी वीज तीच घंटेला. फेजची तार बटणात, बटणातून घंटेत, घंटेतून न्यूट्रलला. स्वस्त पडते, घंटा मोठ्याने वाजते आणि कोणाचे काही अडत नाही. अडते ते पावसाळ्यात, ओल्या बटणाला हात लावला की झिणझिण्या येतात तेव्हा. त्याचीही आपल्याला सवय झालेली आहे, ही खरी वाईट गोष्ट.

तर आक्काला मी म्हणालो, "ही यंत्राची घंटा मोबाइलवर वाजेल. तुझी जुनी टिंग-टाँग काढून टाकू का?"

ती म्हणाली, "आरं, नको रे बाबा. मी परसात असते, गोठ्यात असते. तो मोबाइल चुलीपाशी पडलेला. मला हीच घंटा ऐकू येते. ही तेवढी काढायची न्हाई."

तिचे बरोबर होते. सत्तरीच्या माणसाला बारीक किणकिण ऐकू येत नाही. तिच्या घरातली घंटा म्हणजे लाकडी पेटीत दोन पितळी पट्ट्या आणि मधोमध गुंडाळी. बटण दाबले की गुंडाळीतली लोखंडी कांडी एका पट्टीवर आपटते, टिंग. बटण सोडले की स्प्रिंग तिला मागे ढकलते आणि ती दुसऱ्या पट्टीवर आपटते, टाँग. दाबताना टिंग, सोडताना टाँग. हे लक्षात ठेवा, पुढे याचे काम पडणार आहे.

म्हणजे काम असे ठरले : बाहेर नवे यंत्र बसवायचे आणि त्याने आतली जुनी घंटा वाजवायची.

अमेरिकेत हे कसे साधते ते आधी समजून घेऊ. साधे बटण म्हणजे नुसते फाटक. दाबले तर प्रवाह, सोडले तर काही नाही. पण कॅमेऱ्याला चोवीस तास थोडी थोडी वीज लागते. तो सतत जागा असतो. आणि भिंतीतून तर दोनच तारा आलेल्या. त्याच दोन तारांतून त्याने जेवायचे आणि त्याच दोन तारांवर घंटाही वाजवायची. कसे?

पाटाच्या पाण्याचा विचार करा. पाटावर एक पाणचक्की बसवली आहे आणि तिच्या खाली आपला मळा. दार थोडेसे उघडे ठेवले तर झिरपणारे पाणी चक्कीवरून जाते, पण चक्की फिरत नाही. तेवढा जोर त्यात नसतो. मळा मात्र भिजत राहतो. दार पूर्ण उघडले की लोंढा येतो आणि चक्की फिरते. कॅमेऱ्याची घंटा असेच करते. एरवी ती जुन्या घंटेच्या गुंडाळीतूनच थोडा प्रवाह ओढून घेते, इतका थोडा की कांडी हलू नये. कोणी बटण दाबले की ती आपले दोन स्क्रू आतल्या आत क्षणभर जोडून टाकते, सगळा जोर गुंडाळीवर येतो आणि टिंग-टाँग होते. तेवढ्या क्षणापुरते स्वतःचे पोट ती आतल्या लहान बॅटरीवर किंवा साठवणीवर भागवते.

यात एक अडचण निघते. कॅमेऱ्याची भूक मोठी असेल तर गुंडाळीतून जाणारा प्रवाह वाढतो आणि घंटा न वाजता नुसती गुणगुणत राहते. किंवा गुंडाळीने जोर खाल्ल्यामुळे कॅमेरा उपाशी राहतो. मग तो दिवसा चालतो आणि रात्री बंद पडतो, कारण अंधारात पाहण्यासाठी त्याचे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे लागतात आणि वीज जास्त लागते. त्यावर तोड म्हणून यंत्रासोबत बहुधा एक लहानशी डबी देतात. ती घंटेच्या दोन टोकांना समांतर जोडायची. चक्कीला वळसा घालून जाणारा चर काढावा तसा हा प्रकार. झिरपणारे पाणी चरातून जाते, चक्कीला त्रास होत नाही. तेथल्या घंटेवर तीन स्क्रू असतात : एक पुढच्या दाराचा, एक मागच्या दाराचा आणि एक ट्रान्सफॉर्मरचा. ही डबी पुढच्या दाराच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूंना लावतात. दुसरे म्हणजे मूळची मुठीएवढी डीपी पुरेशी आहे ना हे पाहावे लागते. जुन्या घरांत ती १० व्होल्ट-अँपिअरची असते. १६ व्होल्टांना भागले तर जेमतेम ०.६ अँपिअर. ती बदलून ३० ची बसवली की पावणेदोन अँपिअरांच्या वर मिळतात. माझ्या भाच्यानेही हेच केले होते. फक्त मामाला फोनवर सांगायचे राहिले.

मग म्हणाल, तीच अमेरिकन डीपी मागवून येथे बसवावी. नका. ती १२० व्होल्टांसाठी गुंडाळलेली आहे. तिला २३० दिले तर दुसऱ्या बाजूला १६ च्या जागी तिशीच्या घरात व्होल्ट येतील, लोखंड तापेल आणि काही वेळात धूर. तसेच परदेशी मिक्सर चालवण्यासाठी काही जण २३० चे ११० करणारी पेटी आणतात, तीही या कामाची नाही. त्यांतल्या पुष्कळ पेट्यांत एकच गुंडाळी असते आणि मध्येच तार काढलेली असते. म्हणजे आतली तार आणि बाहेरची तार जोडलेलीच राहते. आपल्याला हवा तो दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर, ज्याच्या बाहेरच्या बाजूला घरच्या विजेचा स्पर्शही नाही.

आम्ही कऱ्हाडच्या बाजारातून २३० ला २४ करणारा, ४० व्होल्ट-अँपिअरचा, दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर आणला. एक रिले आणला, २४ व्होल्ट एसी गुंडाळीचा. रिले म्हणजे विजेने चालणारे बटण. त्याच्या गुंडाळीला २४ व्होल्ट दिले की आतला चुंबक पट्टी ओढतो आणि दुसऱ्याच एका वाटेवरची वीज सुरू होते. या दोन वाटांचा एकमेकींशी तारेचा संबंध नसतो. म्हणजे बाहेरचे यंत्र २४ व्होल्टांवर रिलेला हाक मारणार आणि रिले घरातल्या घरात, बंद पेटीत, जुन्या घंटेला २३० व्होल्ट देणार. ओट्यावरची भिंत मोकळी झाली.

माझा एक जुना विद्यार्थी गावात परवानाधारक वायरमन आहे, त्याला बोलावले. मी शिकवलेला असलो तरी आता माझी नजर आणि हात पूर्वीचे नाहीत. आणि घरच्या विजेच्या बाजूचे काम परवान्याच्या माणसानेच करावे, हा नियम वर्गात सांगून सांगून माझा घसा बसलेला. तो आक्काच्या घरी मोडणे बरे दिसले नसते.

त्याने मेन बंद केला, घंटेच्या वाटेचा फ्यूज काढला आणि स्वतःच्या खिशात घातला. मला फार बरे वाटले. ही सवय मी माझ्या वडीलधाऱ्या मिस्त्रींकडून घेतली होती आणि वर्गाला लावली होती. फ्यूज खिशात असला की "दिवा का गेला" म्हणून कोणी पाहुणा येऊन तो बसवू शकत नाही. हल्ली फ्यूजच्या जागी खटका असतो, तेथे मात्र एक माणूस उभा करावा. मग मीटरने तपासले. नुसत्या टेस्टरच्या लुकलुकीवर विसंबू नये. तो कधी ओलीमुळे उगाच लागतो, कधी उन्हात लागलेला दिसत नाही. आणि तारांच्या रंगावर तर मुळीच विसंबू नये. आक्काच्या घरी काळी तार फेजची निघाली. वायरिंग करणाऱ्याकडे त्या दिवशी काळीच शिल्लक असेल.

ओट्यावरच्या पेटीत घंटेच्या बटणाशेजारीच ओट्यावरच्या दिव्याचेही बटण होते. तेथे आम्ही थोडे थांबलो. जुन्या तारा दोन्ही टोकांना सोडवून २४ व्होल्टांसाठी वापरता आल्या असत्या, एक पैसा लागला नसता. पण त्याच पेटीत, त्याच नळीत दिव्याची २३० ची तार. उद्या उंदराने दोन तारा कुरतडून एक केल्या की आमची सारी मेहनत पाण्यात. म्हणून नवी दोन पेडी तार वेगळ्या नळीतून चौकटीपर्यंत नेली. घंटेच्या जुन्या तारांची टोके दोन्ही बाजूंना सोडवून झाकून टाकली.

जोडणी अशी : ट्रान्सफॉर्मरच्या २४ व्होल्टांच्या एका टोकापासून तार यंत्राच्या एका स्क्रूला, दुसऱ्या स्क्रूपासून रिलेच्या गुंडाळीला, गुंडाळीपासून परत ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला. आणि रिलेच्या पट्टीतून फेज जुन्या घंटेला. दुपारी तीनला बटण दाबले. टिंग-टाँग. आक्काने गोठ्यातून "आले, आले" म्हटले. चहा झाला.

आता माझी चूक सांगतो.

यंत्रासोबत आलेली ती चराची डबी मी बाजूला ठेवली होती. म्हटले, ती अमेरिकन घंटेसाठी. आपण तर घंटेच्या जागी रिले लावला आहे. रात्री नऊच्या सुमाराला शेजारचा मुलगा ताकाची बरणी परत द्यायला आला. त्याने बटण दाबले. मी माडीवर पडलो होतो. खालून आक्काची हाक आली, "आरं, टिंग झालं, टाँग ऱ्हायलं!"

मी उठून जिन्यापर्यंत येतो तोवर बारीक गुंईऽऽ असा आवाज आणि तापलेल्या वार्निशाचा वास. आक्काने माझी वाट न पाहता मेन बंद केला होता. ही बाई चौथी शिकलेली. मी तीस वर्षे मास्तरकी केलेला, अंधारात चपला शोधत होतो.

काय झाले होते? टाँग होते ती बटण सुटल्यावर. टाँग झाली नाही, म्हणजे रिलेने पट्टी सोडलीच नाही. बैलगाडी जागची हलवायला जोर जास्त लागतो, चालती ठेवायला कमी. रिलेचे तसेच. पट्टी ओढायला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या पुष्कळच कमी प्रवाहात ती ओढलेली राहते. दिवसा कॅमेरा थोडी वीज घेत होता, तेवढ्यावर रिले पट्टी सोडत होता. रात्री कॅमेऱ्याचे अंधाराचे दिवे लागले, त्याची ओढ वाढली, आणि एकदा ओढलेली पट्टी त्या वाढीव प्रवाहावर धरलेलीच राहिली. जुन्या घंटेची गुंडाळी क्षणभराच्या कामासाठी केलेली. तिला सतत २३० मिळाले आणि ती तापली. आक्का घरी नसती, किंवा झोपली असती, तर पेटी लाकडी होती हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पुस्तिका पुन्हा भिंगाखाली धरली. मागल्या पानावर लिहिलेले होते की, घंटा नसलेल्या जोडणीत २५ ओहमचा, ५० वॅटचा रोध घालावा. तो आम्ही रिलेच्या गुंडाळीला समांतर जोडला. शिक्षकांनी येथे फळा घ्यावा. एरवी यंत्राला ०.२ अँपिअर लागतात असे धरू. ते जवळजवळ सगळे रोधातून जातात. ०.२ गुणिले २५, म्हणजे ५ व्होल्ट रोधावर आणि रिलेवर पडतात, उरलेले १९ यंत्राला मिळतात. यंत्राला १६ ते २४ चालतात, तेव्हा ते खूश. रिलेच्या गुंडाळीवर मात्र ५ च. एसी रिले साधारणपणे आपल्या व्होल्टांच्या तीस टक्क्यांपर्यंत उतरले की पट्टी सोडतो. चोविसाचे तीस टक्के सातच्या वर होतात. पाच त्याखाली आहेत. म्हणून तो आता सोडतो.

बटण दाबल्यावर पुरे २४ व्होल्ट रोधावर येतात. २४ भागिले २५, जवळजवळ एक अँपिअर. आणि २३ वॅट उष्णता. दोनचार सेकंदांसाठीच, पण एखाद्या पोराने बोट दाबून धरले तर? म्हणून रोध ५० वॅटचा घ्यायचा. मणीएवढा पाव वॅटचा घेतला तर तो फटाक्यासारखा उडेल. तो तापणारच, तेव्हा त्याला लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर न बसवता पत्र्यावर बसवावे आणि पेटीला हवेची भोके ठेवावीत. आमची पेटी पत्र्याची, तिला अर्थिंग दिले आणि घंटेच्या वाटेवर वेगळा फ्यूज घातला. गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा खटका आक्काच्या घरी नव्हता, तोही या निमित्ताने मेनजवळ बसला. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा त्याच्यावर झालेला खर्च जास्त उपयोगाचा.

प्रत्येक यंत्राचे व्होल्ट आणि रोधाचे आकडे त्याच्या त्याच्या पुस्तिकेत पाहावेत. आक्काच्या घरचे आकडे उतरवून घेऊन दुसऱ्या यंत्राला लावू नयेत. काही यंत्रे ८ व्होल्टांपासून चालतात, काही केवळ डीसी मागतात, काहींना रोध चालतच नाही.

आणि इतका खटाटोप करायचा नसेल तर सोपी वाट आहे. बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे, जुन्या घंटेच्या तारांना हात लावू नये, जुने बटण आहे तेथेच राहू द्यावे. काही यंत्रांसोबत प्लगात बसणारी बिनतारी घंटाही मिळते, ती परसाकडच्या खोलीत लावावी. अर्थात ती वाय-फायवर अवलंबून असली तर राउटर बंद पडला की मुकी होते, आणि लोडशेडिंगमध्ये राउटर बंद पडतोच. आमच्या जोडणीतही वीज गेली की सगळे थंड. म्हणून आक्काच्या दाराची जुनी पितळी कडी आम्ही काढलेली नाही.

या कॅमेऱ्याची मूळ कल्पना कोणाची, हेही भगिनींना ऐकायला आवडेल. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या परिचारिका राहत. त्यांच्या आणि त्यांच्या पतीच्या कामाच्या वेळा वेगवेगळ्या, रात्री-अपरात्री घरी एकटे राहणे, हाक मारली तर पोलिस लवकर येत नसत. तेव्हा दोघांनी मिळून दाराला भोके, त्यामागे सरकणारा कॅमेरा, आत टेलिव्हिजनवर चित्र, बोलण्याची सोय आणि दूरून दार उघडण्याचे बटण अशी रचना केली. १९६६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळाले. एकट्या बाईला दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे हे कळावे, ही गरज तेथे क्वीन्समध्ये तीच आणि येथे कऱ्हाडजवळही तीच.

कॅमेरा कोठे रोखावा, याचे मात्र तारतम्य हवे. आम्ही प्रथम लावला तेव्हा त्यात समोरच्या घराचा ओटा आणि नळावर पाणी भरणाऱ्या बायका दिसत होत्या. समोरच्या वहिनींनी तोंडाने काही म्हटले नाही, पण पदर सावरला. तेवढे पुरे होते. यंत्राला खाली पाचर घालून ते आमच्याच पायरीकडे वळवले. २०२१ साली इंग्लंडात ऑक्सफर्डच्या न्यायालयाने शेजाऱ्याच्या अशाच घंटेने आणि कॅमेऱ्यांनी दुसऱ्याच्या घरची चित्रे आणि बोलणे टिपले म्हणून तक्रार करणाऱ्या बाईंच्या बाजूने निकाल दिला होता. आवाजाचे विशेष सांभाळा. हे यंत्र आपण समजतो त्याहून लांबचे ऐकते.

पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर जोडणीचे चित्र, ट्रान्सफॉर्मरचे आणि रोधाचे आकडे, तारीख आणि 'आत २३० व्होल्ट आहेत' हे मोठ्या अक्षरांत. माझ्यानंतर ती पेटी उघडणारा मी नसेन.

परवा फोनवर आक्का सांगत होती. सकाळी सहाला दूधवाला येतो तेव्हा एडिसनला आदल्या दिवशीची रात्र असते, उन्हाळ्यात साडेआठ, थंडीत साडेसात. भाचा जेवायला बसलेला असतो, त्याच्या मोबाइलवर दूधवाल्याचे तोंड उमटते, आणि तो तिकडून आईला फोन लावतो, "आई, दूधवाला आलाय."

"ठावं हाय मला," आक्का म्हणते. "घंटा वाजली न्हवं."